हिवाळी राजवाड्याचे तारू

ऐतिहासिक बोलपट म्हटला की तलवारींचा खणखणाट, दाढ्या चिकटवलेले सरदार आणि मधून मधून एखादा सन झळकवणारी पाटी, असा ठरीव साचा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अलेक्सांद्र सोकुरोव या रशियन दिग्दर्शकाने २००२ साली ‘रशियन आर्क’ नावाचा जो चित्रपट जगापुढे ठेवला, त्यात यांपैकी फारसे काही नाही. लढाई नाही, कथानक नाही, रूढ अर्थाने नायक-नायिका नाहीत. आणि सर्वांत नवल म्हणजे त्यात एकही जोड नाही. शहाण्णव मिनिटांचा हा चित्रपट कॅमेरा एकदा सुरू करून एका दमात टिपलेला आहे. ‘आर्क’ म्हणजे जलप्रलयातून जीवसृष्टी वाचवणारे नोहाचे तारू. येथे तारू आहे ते सेंट पीटर्सबर्ग नगरीत नेवा नदीच्या काठी उभा असलेला झारांचा हिवाळी राजवाडा आणि त्याला लागून असलेल्या इमारती; हा सारा परिसर आज हर्मिटाज संग्रहालय म्हणून ओळखला जातो. तीनशे वर्षांचा रशियन इतिहास या एका वास्तूच्या दालनांतून चालत चालत दाखवायचा, असा हा बेत आहे.

आमचा पिंड कारकुनाचा. एखादे प्रकरण टेबलावर आले की त्यात कोणते कागद आहेत हे पाहता पाहता कोणता कागद गहाळ आहे याकडेच आमची नजर जाते. या मासिकाचे बहुसंख्य वाचकही याच व्यवसायातले, तेव्हा त्यांना ही खोड अपरिचित नसावी. सोकुरोवच्या तारवाविषयी लिहिताना आम्हांस हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. प्रलय आला तेव्हा तारवात कोणाला घेतले, कोणाला काठावर सोडले, आणि तारू वल्हवले कोणी? दिग्दर्शक स्वतः इतिहासाचा पदवीधर आहे; सायबेरियातील इर्कुत्स्क प्रांतात १९५१ साली जन्मलेल्या सोकुरोवने चित्रपटविद्येकडे वळण्यापूर्वी गोर्की येथील विद्यापीठातून १९७४ साली इतिहासाची पदवी घेतली. तेव्हा त्याच्या चित्रपटाला इतिहासाचे प्रश्न विचारले तर त्यात अन्याय होणार नाही.

प्रथम चित्रणाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती एखाद्या राजदरबारी सोहळ्याच्या बंदोबस्तासारखीच आहे. दिनांक २३ डिसेंबर २००१. उत्तरेकडील त्या नगरीत वर्षातला अगदी लहान दिवस. सूर्यप्रकाश मिळणार तो जेमतेम चार तास. संग्रहालय लोकांसाठी बंद ठेवलेले. तेहतीस दालने, दोन हजारांच्या आसपास नटनटी आणि हौशी मंडळी, प्रत्येकाच्या अंगावर त्या त्या काळाचा पोशाख, आणि शेवटच्या नृत्यासाठी वालेरी गेर्गियेव या विख्यात संचालकाच्या हाताखालचा मारिइन्स्की नाट्यगृहाचा वाद्यवृंद. टिलमान ब्युटनर हा जर्मन छायाचित्रकार अंगाला जखडलेला जड कॅमेरा घेऊन एक किलोमीटरहून अधिक अंतर चालला, जिने चढला, उतरला, गर्दीतून वाट काढीत गेला. आरंभीचे प्रयत्न काही मिनिटांतच फसले. दिवस मावळतीकडे झुकू लागला, यंत्राची विद्युत्शक्ती संपत आली, आणि मग अखेरच्या प्रयत्नात सारे साधले. एखादा शिंकला असता किंवा एखादी मेणबत्ती कलंडली असती तरी सगळे मुसळ केरात! पडद्यावर ते बघताना प्रेक्षकही आपला श्वास रोखून धरतो, आणि इतिहासातील पात्रांकडे पाहण्याऐवजी कित्येकदा कॅमेऱ्याच्या पावलांकडेच त्याचे लक्ष जाते. हा या कृतीचा दोष म्हणावा लागेल; पण तो फार वेळ टिकत नाही.

चित्रपट काळोखात सुरू होतो. काही अपघात झाला आहे आणि आपण कोठे आहोत हे आपल्याला कळत नाही, एवढेच एक आवाज सांगतो. हा आवाज खुद्द सोकुरोवचा. तो कधीच दिसत नाही. कॅमेरा म्हणजेच त्याचे डोळे. गाड्यांतून उतरणारे लष्करी अधिकारी आणि थंडीने कुडकुडणाऱ्या तरुण स्त्रिया एका आडबाजूच्या दाराने राजवाड्यात शिरतात, त्यांच्या मागोमाग तोही शिरतो, आणि आत त्याला काळा अंगरखा घातलेला एक उंच, तिरकस बोलणारा फ्रेंच गृहस्थ भेटतो. सर्गेई द्रेयदेन या नटाने साकारलेला हा गृहस्थ म्हणजे मार्क्विस द क्युस्तीन.

क्युस्तीन ही कल्पनेतली व्यक्ती नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या भयपर्वात त्याचे आजोबा आणि वडील दोघेही गिलोटिनखाली गेले. लोकसत्तेविषयी त्याच्या मनात अढी असणे स्वाभाविकच होते. एकतंत्री राज्याच्या बाजूने पुरावे गोळा करावेत म्हणून १८३९ साली तो रशियात गेला आणि परत आला तो लिखित घटनेचा कैवारी होऊन! १८४३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनावर रशियात ताबडतोब बंदी आली. परकीयाच्या तिखट नजरेने केलेली ती टीका रशियन लोकांना आजतागायत सलते, आणि तरीही ते तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. सोकुरोवने याच माणसाला हाताशी धरून आपल्या घराचा फेरफटका घडवावा, यात मोठा मिस्कीलपणा आहे. क्युस्तीन भिंतींकडे पाहून नाक मुरडतो, येथील सारे इटलीची नक्कल आहे म्हणतो, रशियन लोकांना स्वतःच्या कल्पना सुचत नाहीत असा टोमणा मारतो, आणि रुबेन्स किंवा व्हॅन डाइक यांच्या चित्रापुढे आला की गप्प होतो. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला हा स्वभाव चांगला ओळखीचा आहे. दुसऱ्याच्या घरात दोष पटकन दिसतात, आणि आवडलेली वस्तू आपल्याकडूनच तिकडे गेली असावी असे वाटू लागते.

पण क्युस्तीनच्या पुस्तकातील एक गोष्ट या चित्रपटातल्या क्युस्तीनच्या तोंडी आलेली नाही. रशियन पंचांगाप्रमाणे १७ डिसेंबर १८३७ रोजी हिवाळी राजवाड्यास आग लागली. ती तीन दिवस धुमसत होती. तसबिरी, सिंहासने, आरसे, भांडीकुंडी उचलून शिपायांनी समोरच्या चौकात बर्फावर रचून ठेवली, आणि रास्त्रेल्ली या वास्तुकाराने १७५४ ते १७६२ या काळात उभारलेल्या इमारतीच्या केवळ भिंती उभ्या राहिल्या. झार पहिला निकोलस याने हुकूम सोडला की सव्वा वर्षाच्या आत राजवाडा होता तसा झाला पाहिजे. तो झाला, १८३९ च्या ईस्टरला दरबार पुन्हा तेथे भरला. त्याच वर्षी तेथे गेलेल्या क्युस्तीनने लिहून ठेवले आहे की सहा हजार मजूर त्या कामावर राबत होते; बाहेर पाणी गोठवणारी कडाक्याची थंडी, आणि आत भिंती लवकर सुकाव्यात म्हणून भट्ट्या पेटवून तापवलेली दालने; या दोहोंमध्ये ये-जा करताना माणसे मरत, आणि मेलेल्यांच्या जागी लगेच दुसरी आणली जात. त्याचे आकडे कोणी तपासून पाहावेत. परका प्रवासी ऐकीव गोष्टी वाढवून सांगतोच. तथापि काम तितक्या मुदतीत झाले, हे निर्विवाद आहे, आणि ते कोणाच्या तरी अंगावरून झाले हेही तितकेच खरे. सोकुरोवचा कॅमेरा ज्या सोनेरी नक्षीवरून लडिवाळपणे फिरतो, तिच्यातली बरीचशी त्या सव्वा वर्षातली आहे. मजूर मात्र तारवात नाहीत.

दालनामागून दालन लागते, आणि प्रत्येकात वेगळे शतक. पीटर द ग्रेट आपल्या एका सेनानीला बदडून काढताना दिसतो. पीटर १७२५ साली वारला आणि सध्याचा राजवाडा त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी झाला, ही विसंगती कोणी दाखवील. पण पीटरचा जुना वाडा जेथे होता त्याच जागेवर पुढे राजवाड्याचे नाट्यगृह बांधण्यात आले, तेव्हा दिग्दर्शकाने भूत बरोबर त्याच्या जुन्या पत्त्यावर उभे केले आहे. त्याच नाट्यगृहात सम्राज्ञी कॅथरिन नाटकाची तालीम बघते, खूश होते, आणि मग लगबगीने शौचकूप शोधत धावत सुटते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ज्यांना नेहमी उजवा हात उंचावून उभे केलेले असते त्यांना असे पाहून बरे वाटते. हर्मिटाजच्या चित्रसंग्रहाचा पाया याच बाईने १७६४ साली घातला. बर्लिनच्या गोत्स्कोव्स्की नावाच्या व्यापाऱ्याने प्रशियाच्या फ्रेडरिक राजासाठी जमवलेली चित्रे फ्रेडरिकला युद्धखर्चामुळे घेता येईनात, ती तिने विकत घेतली. त्यात रसिकता किती आणि शेजारच्या राजाला खिजवण्याची हौस किती, हे तिचे तिलाच ठाऊक.

या साऱ्यांत आम्ही ज्या प्रसंगी सर्वाधिक रेंगाळलो तो इराणी वकिलातीचा प्रसंग. सिंहासनाचे दालन. दोन्ही बाजूंस पुतळ्यांसारखे उभे अधिकारी. मधून लांबलचक मोकळी वाट. इराणच्या शहाचा नातू खुस्रो मिर्झा, वय सोळा-सतरा, आपल्या लवाजम्यासह चालत येतो, निकोलस झारापुढे उभा राहतो, आणि शहाच्या वतीने माफीचा खलिता वाचला जातो. कॅमेरा घाई करीत नाही. झुलणारे झुंबर, तलवारींच्या मुठी, कोणाच्या तरी गालावरची थरथर, हे सगळे तो सावकाश पाहतो. आमच्यासारख्या शिष्टाचाराच्या परिपत्रकांत वाढलेल्या माणसाला त्या दालनातील प्रत्येक पाऊल मोजून टाकलेले आहे हे तत्काळ ध्यानात येते. पेशवे दप्तरातील वकिलांच्या पत्रांत अशी वर्णने आपण वाचलेली असतात: कोण किती पावले सामोरा आला, कोणाला कोठे बसवले, विडे कोणाला आधी दिले. बाहेरच्याला तो पोरकटपणा वाटतो. आतल्याला ठाऊक असते की राज्याराज्यांतील बरेवाईट तेथेच ठरत असते.

पण माफी कशाबद्दल? ज्याच्यासाठी हा सारा थाट, तो मनुष्य त्या दालनात नाही, कारण तो मेलेला आहे. त्याचे नाव अलेक्सांद्र ग्रिबोयेदोव. रशियन परराष्ट्र खात्यातील एक नोकरदार. आणि त्याचबरोबर ‘अतिशहाणपणाचे दुःख’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका पद्यमय सुखांतिकेचा कर्ता. मॉस्कोच्या बड्या अधिकाऱ्यांची, त्यांच्या हांजीखोरीची त्यात अशी काही रेवडी उडवली आहे की ते नाटक त्याच्या हयातीत पूर्ण स्वरूपात ना छापू दिले गेले ना रंगभूमीवर येऊ दिले गेले. हस्तलिखित प्रतींवरून मात्र ते सर्वत्र पोहोचले. कचेरीत बसून कचेरीवरच असे लिहिणाऱ्या माणसाची बदली लांब होते, हा अनुभव देशोदेशी सारखाच असावा. इराणशी झालेल्या युद्धानंतर १८२८ चा तुर्कमानचायचा तह घडवण्यात ग्रिबोयेदोवचा मोठा वाटा होता. या तहाने इराणने मुलूख गमावला आणि वर जबर दंड कबूल केला. त्याच तहाची वसुली करण्यासाठी, म्हणजे यजमानाच्या जखमेवर बसण्यासाठी, त्याला वकील म्हणून तेहरानला पाठवण्यात आले. जाण्यास तो राजी नव्हता. वाटेत तिफ्लिस येथे त्याचा विवाह झाला. वधू अवघी सोळा वर्षांची. तिला ताब्रिझला ठेवून तो पुढे गेला. जनानखान्यातून पळालेल्या आर्मेनियन स्त्रियांना आणि शहाच्या एका खोजाला त्याने तहातील कलमास अनुसरून वकिलातीत आश्रय दिला, आणि रशियन पंचांगाच्या ३० जानेवारी १८२९ या दिवशी खवळलेल्या जमावाने वकिलात उद्ध्वस्त केली. आतली जवळजवळ सर्व मंडळी मारली गेली. मागे उरलेला एक चिटणीस हकीकत सांगण्यापुरता जगला. ग्रिबोयेदोवचे प्रेत एका जुन्या द्वंद्वयुद्धात जायबंदी झालेल्या हातावरून ओळखावे लागले.

झाराने माफी स्वीकारली आणि दंडाचा एक हिस्सा सोडून दिला. तुर्कांशी युद्ध चालू असताना इराणशी पुन्हा बिघाड नको, हा हिशेब त्यामागे होता. म्हणजे पडद्यावर दिसणारा तो भव्य दरबार हा खरे तर एक फाईल बंद करण्याचा समारंभ होय. माणूस गेला, शेरा पडला, प्रकरण निकाली. सोकुरोवने हे शब्दांत कोठे म्हटलेले नाही, परंतु त्या दीर्घ शांततेत ते ऐकू येते, आणि आमच्या मते संपूर्ण चित्रपटात राजसत्तेवर केलेले हे सर्वांत तीक्ष्ण भाष्य आहे.

त्या नजराण्यात एक हिरा होता. तो आज मॉस्कोत क्रेमलिनच्या रत्नकोशात आहे. ‘शाह’ या नावाने तो प्रसिद्ध असून त्याचे वजन ८८.७ कॅरट आहे. पैलू पाडून चकाकी आणण्यापेक्षा नैसर्गिक लांबट आकार राखून तो नुसता घासलेला आहे, आणि त्याच्या अंगावर तीन लेख कोरलेले आहेत. शेवटचा लेख इराणच्या फतहअली शहाचा, हिजरी १२४२ चा. मधला शहाजहान बादशहाचा, हिजरी १०५१ चा. आणि पहिला, हिजरी १००० म्हणजे इ. स. १५९१ चा, बुऱ्हाण निजामशहाचा. होय, आपल्या अहमदनगरचा निजामशहा! दख्खनच्या भूमीतून निघालेला हा खडा नगरच्या जामदारखान्यातून मोगलांकडे गेला, १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली तेव्हा इराणात पोहोचला, आणि एका रशियन नोकरदाराच्या रक्ताचे निमित्त होऊन नेवाकाठी येऊन पडला. ही त्याची किंमत होती असे लोक म्हणतात. तहाच्या कागदांत अशा किमती लिहिण्याची पद्धत नसते.

दिल्लीच्या त्या लुटीचा आणखी एक हिस्सा हर्मिटाजमध्येच आहे. नादिरशहाने आपल्या विजयाची द्वाही फिरवावी म्हणून पाठवलेली वकिलात १७४१ साली पीटर्सबर्गला पोहोचली. बरोबर चौदा हत्ती होते आणि मोगल जामदारखान्यातील रत्नजडित पात्रे व अलंकार होते. त्यांतील अनेक वस्तू आजही तेथील दालनात मांडलेल्या दिसतात. शहाजहानची उपाधी कोरलेली, धनुर्धाऱ्याने अंगठ्यात घालावयाची एक अंगठीही त्यात आहे. ज्या वर्षी चिमाजी अप्पाने वसई घेतली त्याच वर्षी या वस्तू दिल्लीतून बाहेर पडल्या. संग्रहालय हे तारू खरेच. पण तारवातील सगळ्याच गोष्टी बुडण्यापासून वाचवलेल्या नसतात, काही दुसऱ्याचे घर बुडत असताना उचललेल्या असतात. सोकुरोवच्या कॅमेऱ्याला या दालनाकडे वळण्यास सवड झालेली नाही. तक्रार नाही, तेहतीस दालनांत किती मावणार?

एका शांत खोलीत तीन माणसे हलक्या आवाजात बोलत उभी दिसतात. न सांगता ओळखणे कठीण, परंतु हे तिघे हर्मिटाजचे तीन काळचे संचालक आहेत. जोसेफ ऑर्बेली १९३४ ते १९५१ पर्यंत संचालक. बोरिस पिओत्रोव्स्की १९६४ ते १९९०. आणि १९९२ साली त्या जागी आलेला त्यांचा मुलगा मिखाईल. पहिल्या दोघांची कामे नटांनी केली आहेत, मुलगा स्वतःच स्वतःच्या भूमिकेत उभा आहे. म्हणजे एक जिवंत मनुष्य आपल्या दिवंगत वडिलांशी कचेरीच्या कामाविषयी बोलतो आहे! झारांच्या सोहळ्यांपेक्षा हा तीन नोकरदारांचा संवाद आम्हांस अधिक हृद्य वाटला. या तिघांपैकी पहिल्याची कामगिरी आपल्या वाचकांस विशेष सांगण्यासारखी आहे. १९२८ नंतरच्या काही वर्षांत सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी हर्मिटाजमधील चित्रे गुपचूप विकण्यास काढली. अमेरिकेचा अर्थमंत्री अँड्र्यू मेलन याने १९३०-३१ मध्ये एकवीस चित्रे घेतली. राफाएलची आल्बा मॅडोना त्यांत गेली, आणि आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रालयात आहे. तारवाला अशी आतूनच भोके पडत होती. पौर्वात्य विभागाच्या वस्तूंवर पाळी आली तेव्हा १९३२ साली ऑर्बेलीने सरळ स्टालिनला पत्र लिहिले, आणि त्या विभागापुरती विक्री थांबली. त्या दिवसांत वरिष्ठाला डावलून असे पत्र धाडणे म्हणजे काय होते, हे ज्याने साधी तक्रारसुद्धा ‘योग्य मार्गाने’ पाठवली आहे त्याला समजेल. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना त्या दशकात अटक झाली होती.

त्यानंतर येतो चित्रपटाचा गाभा. निदान आम्ही तो गाभा मानतो. क्युस्तीन एका बंद दारापाशी थबकतो. निवेदक त्याला आत जाऊ नकोस म्हणतो. तो जातो. आत निळसर थंड उजेड, जमिनीवर बर्फ, सर्वत्र रिकाम्या चौकटी, आणि एक माणूस शवपेटी घडवीत बसलेला, तीही स्वतःची. जर्मनीशी झालेल्या युद्धात या नगरीने दहा लाखांहून अधिक माणसे गमावली, असे निवेदक सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंचाला ते समजत नाही. दार बंद होते. हे सारे अवघ्या काही क्षणांचे. शहाण्णव मिनिटांत या एकाच खोलीत सोने नाही.

रिकाम्या चौकटी ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने आक्रमण केले आणि १ जुलैला हर्मिटाजची पहिली आगगाडी उरल पर्वताकडील स्वेर्दलोव्स्कला निघालीदेखील. २० जुलैला दुसरी निघाली. दोन्ही मिळून अकरा लाखांहून अधिक वस्तू हलवण्यात आल्या. अवघ्या चार आठवड्यांत प्रत्येक वस्तूची नोंद, बांधणी, पेटीवर क्रमांक आणि यादी! ज्यांनी एखादी कचेरी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवली आहे त्यांनी या कामाची कल्पना करावी. तिसरी गाडी निघण्यापूर्वीच ८ सप्टेंबरला लेनिनग्राडभोवती वेढा पूर्ण झाला, तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत उठला नाही. चौकटी मुद्दामच भिंतींवर ठेवल्या होत्या, चित्रे परत येतील तेव्हा आपापल्या जागी बसावीत म्हणून. वेढ्यातील एका मार्गदर्शकाने सैनिकांना त्याच रिकाम्या चौकटींपुढे उभे करून येथे कोणते चित्र होते, त्यात काय रंगवले होते, याचे वर्णन करीत सगळे संग्रहालय दाखवले. राजवाड्याच्या तळघरांत शेकडो कुटुंबे राहत होती. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात पावाचा शिधा सर्वांत खाली आला: कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम, आणि कचेरीतील नोकरदार, अवलंबून असलेली माणसे व मुले यांना १२५. नेमक्या याच पाच आठवड्यांत, १० व १२ डिसेंबरला, ऑर्बेलीने मध्य आशियाचा कवी अलीशेर नवाई याच्या जन्माच्या पाचशेव्या वर्षाचा उत्सव हर्मिटाजमध्ये साजरा केला. सव्वाशे ग्रॅम पाव खाऊन विद्वानांनी निबंध वाचले. शहराला वेढा पडला असताना पाच शतकांपूर्वीच्या परभाषिक कवीची जयंती करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्या मंडळींनी काय उत्तर दिले असते, याचा आम्ही बराच विचार केला. कदाचित कार्यक्रम आधीच ठरला होता, एवढेच ते म्हणाले असते.

या खोलीनंतर दारे पुन्हा उजेडात उघडतात आणि शेवटचे नृत्य सुरू होते. शेकडो जोडपी, झळाळणारे गणवेश, आणि ग्लिंकाच्या ‘झारसाठी प्राणार्पण’ या १८३६ च्या संगीतिकेतील माझुर्का. हे दृश्य १९१३ सालचे, रोमानोव घराण्याच्या राज्याला तीनशे वर्षे पूर्ण झाली त्या सुमाराचे समजले जाते. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा हात वर करावा. हिवाळी राजवाड्यातील अखेरचे खरे मोठे नृत्य झाले ते १९०३ च्या फेब्रुवारीत, जुन्या मॉस्कोचे पोशाख घालून. पुढच्या वर्षी जपानशी युद्ध जुंपले आणि असे सोहळे तेथे पुन्हा झाले नाहीत. सोकुरोवने दाखवलेले नृत्य झालेलेच नाही. मात्र संगीताची निवड विचार करायला लावणारी आहे. ज्या संगीतिकेत इवान सुसानिन हा शेतकरी पहिल्या रोमानोवसाठी १६१३ मध्ये जीव देतो, त्याच संगीतिकेत ही माझुर्का नाचतात ते शत्रुपक्षाचे पोलिश सरदार. शेतकरी मरतो तो पुढच्या एका अंकात. राजवाड्यात वाजतो तो नाचच.

आणि १९१७? ते साल या तारवात नाहीच. दुसरा निकोलस कुटुंबासह जेवणाच्या मेजावर बसलेला दिसतो, मुली पऱ्यांसारख्या लांब मार्गिकेतून धावत जातात, आणि मग एकदम नृत्य. त्या वर्षी ज्या राजवाड्यातल्या लहान भोजनगृहात हंगामी सरकारचे मंत्री पकडले गेले आणि जेथले घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांवर थांबवून पुढे शंभर वर्षे तसेच ठेवले गेले, त्या वास्तूचा इतिहास सांगताना ही रात्र वगळणे, ही नजरचूक असू शकत नाही. एक खुलासा संभवतो. ती रात्र याच भिंतींत आधी एकाने चित्रित करून ठेवली होती. आयझेनस्टाइनचा ‘ऑक्टोबर’ हा १९२८ साली पडद्यावर आलेला चित्रपट क्रांतीच्या दहाव्या वर्षानिमित्त काढलेला. खऱ्या हल्ल्यापेक्षा त्या चित्रणातच राजवाड्याची अधिक मोडतोड झाली, असे गमतीने सांगतात. आयझेनस्टाइनने काळाचे हजारो तुकडे करून ते एकमेकांवर आदळवले. सोकुरोवने एकही तुकडा पडू दिला नाही. एकाला तोडल्याशिवाय इतिहास पुढे सरकत नाही असे वाटत होते, दुसऱ्याला तुटणे हाच प्रलय वाटतो. दोघांच्या मध्ये चौऱ्याहत्तर वर्षे, एक महायुद्ध आणि एका राज्यव्यवस्थेचा अस्त आहे. आयझेनस्टाइनच्या चित्रपटात राजवाड्यातील वस्तू हास्यास्पद आणि गर्दी थोर. सोकुरोवच्या चित्रपटात वस्तू पूज्य आणि बाहेरची गर्दी अदृश्य. राजवाडा बांधणारे, तापलेल्या दालनांत मेलेले, त्यावर चालून गेलेले, या सर्वांसाठी त्याच्या तारवात एक थंडगार खोली आहे आणि तिचे दार क्षणभरच उघडते. तेवढ्यासाठी आम्ही त्याला पूर्ण गुण देणार नाही. पण ते दार त्याने उघडले. दरबारी इतिहासकार तेही उघडीत नाहीत.

नृत्य संपल्यावर मंडळी निघतात. क्युस्तीन पुढे येण्यास नकार देतो. तिकडे काय आहे, असे विचारून तो दिवाणखान्यातच थांबतो, आणि निवेदक त्याचा निरोप घेतो. जॉर्डन जिन्याच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांवरून शेकडो माणसे सावकाश उतरू लागतात. लष्करी अधिकारी, वकील, खांद्यावर शाली ओढून घेणाऱ्या स्त्रिया, पंखे, तलवारी, हलकी कुजबूज. कॅमेरा त्यांच्यातून मागे मागे सरकत राहतो, चेहऱ्यामागून चेहरा जातो, कोणाला काही ठाऊक नाही. मग एक बाजूचे दार. बाहेर नेवा नाही, रस्ता नाही, शहर नाही. करड्या धुक्याखाली वाफाळणारे पाणी आहे, दृष्टी पोहोचेल तेथवर.